चष्म्याच्या घरातल्या चार गोळ्या

मी एक डबी आहे. पांढरी, प्लॅस्टिकची, मुठीत मावेल एवढी. माझं झाकण आधी दाबायचं आणि मग फिरवायचं. नुसतं फिरवत बसलात तर दिवसभर फिरत राहील. बोलायची माझी ही पहिली वेळ आणि शेवटचीही, कारण थोड्या दिवसांत मला इतर डब्यांबरोबर भट्टीत घालणार आहेत. त्याचं मला दुःख नाही. आज मला इतकं हलकं वाटतंय, की जाण्याआधी कुणाला तरी सगळं सांगावं अशी फार इच्छा झाली आहे.

माझ्या अंगावर औषधाचं नाव नाही. 'फक्त संशोधनासाठी' एवढं आहे, चारशे सतरा हा नंबर आहे, कोरड्या जागी ठेवा अशी सूचना आहे आणि तळाशी एक फोन नंबर आहे. त्या फोन नंबराबद्दल मला पुढे बोलायचंच आहे.

आणि माझ्या पोटात काय आहे, ते मला माहीत नाही. कारखान्यात आम्ही शेकडो डब्या होतो. काहींच्या पोटात कॅन्सरवरचं नवं औषध भरलं, काहींच्या पोटात तशाच रंगाची, तशाच आकाराची, पण औषध नसलेली गोळी. मग सगळ्यांना सारखेच कपडे घातले आणि नंबर दिले. कोणता नंबर कुणाचा, हे दूरच्या एका कॉम्प्युटरमध्ये कुलूपबंद आहे. सुरुवातीला मला याचा फार राग यायचा. स्वतःच्या पोटात काय आहे हे ज्याला कळत नाही, त्याने दुसऱ्याच्या उपयोगी तरी काय पडायचं, असं वाटायचं.

पुण्यात आल्यावर चार महिने मी एका हॉस्पिटलच्या छोट्या खोलीत काचेच्या कपाटात होते. खोली प्रियदर्शनीची. औषधाची चाचणी चालते तेव्हा पेशंटला समजावून सांगणं, तारखा सांभाळणं, गोळ्या देणं आणि उरलेल्या परत घेऊन मोजणं हे तिचं काम. दिवसातून दोन-तीनदा तिचं तेच बोलणं ऐकून माझं पाठ झालं. तुम्हालाही सांगते, कारण ही गोष्ट फार थोड्या लोकांना कुणी नीट सांगतं.

नवं औषध आलं की ते लगेच सगळ्यांना देत नाहीत. पहिल्या पायरीला अगदी थोड्या लोकांना देतात, तेही जपून, किती दिलं तर अंगाला झेपतं ते बघायला. दुसऱ्या पायरीला त्याचा गाठीवर काही परिणाम होतो का ते बघतात. मी आहे ती तिसरी पायरी. इथे शेकडो लोक असतात आणि प्रश्न एकच असतो, आज जो उपचार चालू आहे त्यापेक्षा हे खरंच बरं आहे का. म्हणून चालू उपचार इथे सगळ्यांनाच मिळतो. तो कुणाचा काढून घेत नाहीत. त्याच्या जोडीला निम्म्यांना नवं औषध आणि निम्म्यांना नुसती गोळी. कुणाला काय, ते चिठ्ठ्या टाकाव्यात तसं कॉम्प्युटर ठरवतो.

ललिताबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते या कपाटातूनच. बासष्ट वर्षांच्या, पोस्टात रजिस्टरच्या खिडकीवर तीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या. छातीचा कॅन्सर सहा वर्षांपूर्वी बरा झाला होता, आता फुप्फुसात दोन ठिकाणी परत दिसला होता. बरोबर त्यांचे यजमान सुखदेव, महापालिकेच्या शाळेतले निवृत्त गुरुजी. संमतीचे बावीस कागद ललिताबाईंनी चष्मा लावून, ओळीखाली बोट धरून वाचले. सुखदेव म्हणाले, "लग्नाच्या वेळी एवढं वाचलं असतंस, तर मी आज कुठे असतो कोण जाणे."

मग ललिताबाईंनी चाचणी चालवणाऱ्या डॉक्टर रानड्यांना विचारलं, "मला कोणती गोळी आहे हे तुम्हाला तरी माहीत असेल ना?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. "माझ्याही डोळ्यांवर पट्टी आहे. मला कळलं की तुम्हाला नवं औषध आहे, तर मी तुमच्याकडे जास्त आशेनं बघीन. तुम्ही जरा बरं वाटतंय म्हणालात, की मी दोन ओळी जास्त लिहीन. मुद्दाम नाही, पण माणूस आहे मी. तुमच्या जिवाला धोका झाला तर मात्र कुलूप लगेच उघडता येतं."

त्या दिवशी माझा राग थोडा कमी झाला.

"आणि मला मधेच नको वाटलं तर?"

"तर नाही म्हणायचं. कारणही द्यायला लागत नाही. तुमचा नेहमीचा उपचार चालूच राहील."

ललिताबाईंनी बावीस कागद सारखे करून समोर ठेवले. मग म्हणाल्या, "माझ्या मुलीला, आम्रपालीला, डिसेंबरात दिवस भरतायत. पहिलंच आहे. तिच्या बाळंतपणात मला उभं राहता आलं पाहिजे. मला बाकी काही नको." आणि त्यांनी सही केली. टपालाच्या पावतीवर करतात तशी, स्वच्छ आणि तारखेसकट.

शेवटी प्रियदर्शनीने विचारलं, "काकू, गोळी जेवणानंतर घ्यायची आहे. कोणती वेळ लिहू?" त्या म्हणाल्या, "रात्री साडेआठ. आमचं जेवण होतं तेव्हा. द्या, मीच लिहिते." ही गोष्ट लक्षात ठेवा. मी ठेवली नाही आणि त्यांनीही ठेवली नाही.

त्यांना आधी माझ्या दोन बहिणी मिळाल्या. तिसरी मी. आषाढातल्या एका सकाळी प्रियदर्शनीने मला कपाटातून काढलं. माझ्या पोटात पस्तीस गोळ्या. अठ्ठावीस दिवसांच्या अठ्ठावीस, आणि येताना दोन-चार दिवस उशीर झालाच तर म्हणून सात जास्तीच्या. परत येताना माझ्यात सात उरलेल्या असायला हव्यात. स्वारगेटवरून बस बदलून मी कात्रजला त्यांच्या घरी आले. स्वयंपाकघरातल्या फळीवर, गॅसपासून लांब, पावसाची ओल लागणार नाही अशा कोपऱ्यात त्यांनी मला ठेवलं. शेजारी डायरी. डायरीत रोज तीन गोष्टी लिहायच्या, गोळी घेतली का, किती वाजता, आणि आज काही त्रास झाला का.

मला वाटलं होतं तशाच निघाल्या बाई. रात्री आठ वाजून एकोणतीस मिनिटांनी त्या फळीसमोर उभ्या. झाकण दाबायचं, फिरवायचं, एक गोळी तळहातावर, घोटभर पाणी, लगेच डायरी. सुखदेव म्हणायचे, "रेडिओवर वेळ सांगायला तुलाच ठेवायला हवं होतं." मला त्यांचा अभिमान वाटायचा. अशा शिस्तीच्या घरी यायला नशीब लागतं, असं मी मनाशी म्हणायची.

तिसऱ्या दिवशी आषाढी पौर्णिमा आली. वर्षावास, बौद्धांचा पावसाळ्यातला व्रताचा काळ, सुरू झाला.

हे घर बौद्ध. वर्षावासाच्या तीन महिन्यांत ललिताबाई दर पौर्णिमेला, अमावास्येला आणि दोन्ही अष्टम्यांना पांढरी साडी नेसून विहारात जातात आणि अष्टशील, म्हणजे आठ शीलांचं व्रत, घेतात. त्या दिवशी दुपारी बारानंतर अन्न नाही. सासूबाईंनी लावलेलं वळण, एकतीस वर्षं चुकलेलं नाही. सुखदेव म्हणाले, "यंदा राहू दे. विहारातले भन्तेजी काही हजेरी घेत नाहीत."

"दुपारी पोटभर जेवणार आहे मी. रात्रीचंच तर नाही," त्या म्हणाल्या.

आणि रात्री साडेआठला त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. झाकण उघडलं, आत बघितलं आणि थांबल्या. गोळी जेवणानंतर घ्यायची आणि जेवण तर नाही. उपाशीपोटी घ्यायची नाही असं कागदावर लिहिलेलं. दुपारी घ्यावी तर वेळ साडेआठची ठरलेली. दोन नियमांच्या मधे बाई अडकल्या, आणि दोन्ही पाळायचे म्हणून गोळीच राहिली.

त्यांनी फोन उचलला असता तर दोन मिनिटांचं काम होतं. नंबर माझ्या अंगावर होता, त्यांच्या डोळ्यांसमोर. मी मनातल्या मनात ओरडत होते. पण त्यांना भीती वाटली. हे लोक म्हणतील, या बाईला साधी गोळी वेळेवर घेता येत नाही, काढा हिला. आणि काढलं तर डिसेंबराचं काय?

त्यांनी गोळी बाहेर काढली. फळीवर जुन्या चष्म्याचं रिकामं घर पडलेलं होतं, तपकिरी रंगाचं, टकदिशी बंद होणारं. त्यात ती टाकली आणि डायरीत लिहिलं, घेतली, साडेआठ.

अष्टमीला दुसरी. अमावास्येला तिसरी. पुढच्या अष्टमीला चौथी. दर वेळी ते टक ऐकलं की मला कसंसंच व्हायचं. माझ्या पोटातला आकडा बरोबर होता आणि तरी खोटा होता. डबीला एवढं एकच काम असतं, पोटात आहे तेवढं सांगायचं. तेही मला धड करता येत नव्हतं.

मधल्या आठवड्यात त्यांचं तोंड आलं. आमटी झोंबायला लागली, नुसता दहीभात गिळतानाही डोळ्यांत पाणी यायचं. डायरीत त्रासाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, नाही. सुखदेवांनी ते वाचलं.

"नाही? मग काल भाकरी मी रडत खाल्ली का?"

"अहो, एवढी धडपड करतात बिचारी. चांगलं औषध देतायत. त्याला कशाला नावं ठेवायची?"

"औषधाला काय वाईट वाटणार आहे?" सुखदेव म्हणाले. चष्म्याच्या घराचं त्यांना काही ठाऊक नव्हतं.

अठ्ठावीस दिवस पूर्ण झाले. तीन महिने झाले म्हणून दोन दिवस आधी स्कॅन झालं होतं, त्याचा निकालही आजच कळायचा होता. ललिताबाईंनी मला पर्समध्ये ठेवलं. मग परत फळीपाशी आल्या, चष्म्याचं घर उचललं आणि तेही माझ्या शेजारी टाकलं. का, ते त्यांनाही नक्की माहीत नसावं. घरी ठेवून जाववेना एवढंच.

हॉस्पिटलच्या बाकावर त्यांच्या शेजारी एक बाई येऊन बसल्या. लोणी काळभोरच्या सरुबाई. हातात तेच बावीस कागद, पुंगळी करून घट्ट धरलेले.

"ताई, तुमी बी हीच गोळी घेता नव्हं?"

"हो. तिसरा महिना."

"मला बी घ्या म्हनत्यात. घरी समदी नको म्हनत्यात. म्हनत्यात, तुज्यावर परयोग करतील." सरुबाईंनी आवाज खाली आणला. "तुमाला काय तरास झाला का? एकांदी गोळी चुकली बिकली का? खरं सांगा. तुमचं बगूनच ठरवनार हाय मी."

ललिताबाईंनी पर्स मांडीवर ओढून घेतली. पर्सवरचा त्यांचा हात माझ्यावर दाबला गेला. तेवढ्यात प्रियदर्शनीने नाव पुकारलं. जीव वाचल्यासारख्या त्या उठल्या.

खोलीत प्रियदर्शनीने निळ्या ताटलीत माझ्या गोळ्या ओतल्या आणि चपट्या काडीने एकेक सरकवत मोजल्या. "सात. काकू, एकदम परफेक्ट. तुमच्यासारखे पेशंट असले ना, की माझं काम अर्धं होतं." तिने पेन उघडलं.

ललिताबाई त्या सात गोळ्यांकडे बघत होत्या. "लिहू नकोस," त्या म्हणाल्या.

"काय झालं?"

"अष्टशीलात खोटं बोलायचं नाही हेही एक शील आहे. ते घेतलं त्याच दिवशी मी खोटं लिहिलं. चार वेळा." त्यांनी पर्समधून चष्म्याचं घर काढलं आणि उघडलं. ताटलीत चार गोळ्या पडल्या. "आणि माझं तोंड आलं होतं. आठ दिवस. तेही लिहिलं नाही. आता बाहेर एक बाई मला विचारतेय आणि माझ्याच्यानं तिला सांगवत नाही. तुम्हाला मला काढायचं असेल तर काढा."

सुखदेव बायकोकडे बघतच राहिले.

प्रियदर्शनी उठली. "थांबा काकू, सरांना बोलावते." ती गेली तशी ललिताबाईंनी पर्सची चेन लावली आणि पदर सारखा केला. "चला. संपलं."

"बस खाली," सुखदेव म्हणाले. "अजून कुणी हाकललेलं नाही."

डॉक्टर रानडे आले, स्टूल ओढून समोर बसले. सगळं ऐकून घेतलं. मग फाइल उघडून अगदी पहिल्या पानावर गेले आणि ती ललिताबाईंकडे फिरवली. "साडेआठ ही वेळ कुणी ठरवली?"

ललिताबाईंनी चष्मा लावला. पानावर त्यांचंच अक्षर होतं.

"नियम एवढाच आहे," डॉक्टर म्हणाले, "जेवणानंतर, रोज साधारण एकाच वेळी. तुम्ही रात्री म्हणालात म्हणून रात्र. उद्यापासून रोजच दुपारच्या जेवणानंतर घ्या. झालं."

"म्हणजे नियम तूच केलास आणि तूच त्याला घाबरलीस," सुखदेव म्हणाले. त्यांची थट्टा परत आली तसा मलाही धीर आला.

"मग मला काढणार नाही?"

"चार गोळ्या चुकल्या म्हणून कुणाला काढत नाहीत. लोक प्रवासाला जातात, विसरतात, उलटी होते. त्यासाठी कागदावर जागाच ठेवलेली आहे. किती चुकल्या की विचार करायचा तेही ठरलेलं आहे, आणि तुम्ही त्याच्या बऱ्याच अलीकडे आहात." मग ते जरा गंभीर झाले. "चुकलेल्या गोळीनं आमचं अडत नाही. लपवलेल्या गोळीनं अडतं. समजा तुमच्यासारख्या पन्नास जणींनी लिहिलं, रोज घेतली, काही त्रास नाही. उद्या हे औषध बाजारात आलं, तर त्याच्या कागदावर तोंड येतं हे लिहिलेलंच नसेल. एखादी बाई घरी आठ दिवस उपाशी बसेल आणि तिला वाटेल, आपलंच काहीतरी बिघडलं. तुम्ही त्रास लिहिलात म्हणजे औषधाला नावं ठेवली असं नाही. तुम्ही त्या बाईला आधीच सावध केलंत. आणि तोंड येण्यावर साध्या गुळण्या आहेत हो. पहिल्याच दिवशी फोन केला असता तर तेव्हाच दिल्या असत्या."

ललिताबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्यांनी ते पुसलंही नाही.

मग डॉक्टरांनी स्कॅन दाखवलं. फुप्फुसातला एक डाग लहान झाला होता. दुसरा होता तेवढाच, वाढलेला नव्हता. नवीन कुठे काही नव्हतं.

"ही या गोळीची करामत का?" सुखदेवांनी विचारलं.

"माहीत नाही. हिची असेल, नेहमीच्या औषधाची असेल. तेच तर शोधतोय. कदाचित अजून दोन वर्षांनी कळेल. आत्ता एवढंच, की चाललंय ते चालू ठेवायचं."

"डिसेंबर?" ललिताबाई म्हणाल्या.

"आत्ता जसं आहे तसंच राहिलं, तर उभ्या राहाल. शब्द देत नाही, पण मला तसं वाटतं."

सुखदेव उठून खिडकीपाशी गेले आणि उगाचच बाहेरची गर्दी बघत बसले. मग खिशातून फोन काढून लेकीला लावला. "आम्रपाली, आई ठीक आहे. काय म्हणतेस, मीटिंग आहे? असू दे मीटिंग. आई ठीक आहे एवढं ऐक." पलीकडून ती काय म्हणाली मला कळलं नाही, पण सुखदेव बराच वेळ नुसतं "हो, हो" करत होते.

प्रियदर्शनीने जुनी ओळ एक सरळ रेघ मारून खोडली. जुनं अक्षर वाचता येईल अशीच खोडायची, बाजूला सही आणि तारीख, अशी इथली रीत आहे. चूक झाकायची नसते, दिसेल अशी दुरुस्त करायची. मला ती रीत फार आवडली. उरलेल्या सातऐवजी अकरा झाल्या. चुकलेल्या गोळ्या, चार. कारण, अष्टशीलाचा उपास. त्रास, तोंड येणं, आठ दिवस. मग अकराही गोळ्या तिने परत माझ्या पोटात टाकल्या.

ललिताबाई नवी डबी घेऊन निघाल्या, तर दारात सरुबाई उभ्या. आता त्यांची पाळी होती. ललिताबाईंनी त्यांचा हात धरला.

"मघाशी तुम्ही विचारलंत ना. चार गोळ्या चुकल्या माझ्या. तोंड आलं होतं, आठ दिवस नीट जेवता आलं नाही. मी लपवलं होतं, आत्ता आत सांगून आले. कुणी रागावलं नाही. कोणती गोळी मिळेल ते आपल्याला कळत नाही, तेही ऐकून घ्या. घाई करू नका. पण मी घेतेय अजून."

मला वाटलं, आता ही बाई घाबरून पळणार. सरुबाईंनी मात्र मोठा श्वास सोडला. "मंग बरं. समदं बेस हाय म्हनला असता तर मला खरं वाटलं नसतं." आणि त्या आत येऊन खुर्चीवर बसल्या, कागदांची पुंगळी उलगडली आणि प्रियदर्शनीला म्हणाल्या, "बाय, पयल्या पानापासनं सांग. सही आज न्हाई करनार. घरी नेऊन इचारते आन् मंग येते."

"चालेल, मावशी," प्रियदर्शनी म्हणाली. "पहिल्यापासून सांगते."

आता मी प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे, तोंडावर चिकटपट्टी. उद्या औषधाच्या कंपनीचा माणूस येईल, माझ्या गोळ्या पुन्हा मोजेल, मग मला नेतील. माझ्या पोटात काय होतं ते मला शेवटपर्यंत कळणार नाही, आणि आता त्याचं काही वाटत नाही. औषध असेन तर ठीक, नुसती गोळी असेन तरी ठीक. नुसत्या गोळीशेजारी ठेवून बघितल्याशिवाय खरं औषध ओळखता येत नाही, एवढं मला चार महिने कपाटात बसून कळलं आहे.

तुमच्या घरी कधी अशी डबी आली, तर माझं एवढं ऐका. गोळी चुकली तर चुकली. तळाशी फोन नंबर आहे, तो लावा. पलीकडे प्रियदर्शनीसारखी कुणीतरी असते. ती रागावत नाही, ती लिहून घेते.

येते मी. माझ्या पोटात अकरा गोळ्या आहेत, आणि कागदावरही अकराच लिहिलेल्या आहेत.